‘आमच्याकडेच का?’ याचं उत्तर आधी आजीला देऊन बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तू नागपूरची, बारावी सायन्सला, आणि अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाला अर्ज करते आहेस. आमच्या ‘ओपन करिक्युलम’मध्ये (म्हणजे सगळ्यांना सक्तीचे विषय नसलेल्या अभ्यासक्रमात) तू काय आणि कसं शिकशील, असं त्यांनी विचारलंय आणि शब्द अडीचशेच्या आत हवेत. तुझे चार ड्राफ्ट झाले, चारही गुळगुळीत वाटतात. शेवटी तू लिहिलंस, ‘खरं सांगायचं तर नाव मोठं आहे म्हणूनच जायचंय, आता हे कसं लिहू?’ मध्येच एका कंसात सांगितलंस की २०२३ च्या पुरानंतर तू गल्लीतल्या भिंतींवर खडूनं पाण्याच्या रेषा मारल्या होत्यास, ‘पण त्याचा इथं संबंध नाही.’ त्या कंसाकडे मी शेवटी येते.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. गेली पंधरा-सोळा वर्षं धरमपेठेत घरच्या डायनिंग टेबलावर असे निबंध वाचते आहे. वयाच्या हक्कानं तुला ‘तू’ म्हणते.

तुझी अडचण इंग्रजीची नाही, तुझा प्रश्न चांगला स्वच्छ लिहिलेला आहे. अडचण अशी की आयुष्यात पहिल्यांदाच तुला कुणी विचारतंय, इथंच का? आपल्याकडे हे कुणी विचारत नाही. आपली भाषाच बघ. आपण कॉलेज निवडत नाही, आपल्याला कॉलेज ‘लागतं’. ‘कुठं लागला रे?’ ‘व्हीएनआयटीला लागला.’ नोकरी लागते, लॉटरी लागते, ठेच लागते, तसंच कॉलेज. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना गेल्या वर्षीचा कटऑफ बघून वरून खाली क्रम लावायचा, की काम झालं. त्या फॉर्मवर ‘का’ असा रकानाच नाही. बारा वर्षं या पद्धतीत वाढलेल्या मुलाला एकदम ‘आम्हीच का?’ विचारलं की तो कटऑफचीच यादी जरा सजवून लिहितो: जगप्रसिद्ध प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा, वैविध्यपूर्ण वातावरण. तुझे चार ड्राफ्ट मी पाहिलेले नाहीत, पण या तिन्हींपैकी दोन गोष्टी त्यांत नक्की असणार.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाला विचारलं, ‘आमची मुलगी का पसंत पडली?’ आणि तो म्हणाला, ‘तुमचं घराणं मोठं, वाडा दुमजली, शेती ओलिताची.’ खोटं काहीच बोलला नाही बिचारा. पण मुलगी आतल्या खोलीतून ऐकते आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगते. हा प्रश्न सगळे विचारत नाहीत आणि विचारणारेही एकसारखा विचारत नाहीत. येल ‘का’ला सव्वाशे शब्द देतं, कोलंबिया दीडशे, शिकागो बऱ्यापैकी मोकळं सोडतं. शब्दमर्यादा आणि प्रश्नाची भाषा बदलत राहते, म्हणून सीनियरचा जुना निबंध समोर ठेवून बसू नकोस, यंदाच्या अर्जावरचा प्रश्न अक्षरशः वाच. शिवाय प्रत्येक कॉलेज ‘तुम्हाला आमच्यात किती रस आहे’ हे सारखं मोजत नाही. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती दरवर्षी छापतात. त्यातल्या सी-सात या तक्त्यात अर्जदाराच्या रसाला किती वजन देतात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी बरंच. जिथं शून्य आहे तिथंही हा निबंध वाचला जातोच, फक्त वेगळ्या नजरेनं. तू येशील की नाही यापेक्षा आलीस तर काय करशील, हे ते त्यात शोधतात. तुझ्या ब्राउनच्या प्रश्नात तर ‘काय आणि कसं’ असे शब्दच आहेत.

आता नावाचं बघू. नाव मोठं म्हणून जावंसं वाटणं यात पाप काही नाही. मला राग येतो तो ते लपवून वर ‘लहानपणापासूनचं स्वप्न’ लिहिणाऱ्यांचा. सातवीपर्यंत ज्याला ब्राउन हा फक्त रंग माहीत होता, त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न कसलं? पण ‘नाव’ ही मोघम गोष्ट आहे, ती जरा फोडून बघ. नावामुळे बाबा पैसे द्यायला तयार होतील, असं आहे का? नातेवाइकांची तोंडं बंद होतील? की पैशाचं गणित तिथंच जमतं? हे शेवटचं कारण अजिबात क्षुल्लक नाही. परदेशी मुलांना प्रवेश देताना त्यांची आर्थिक परिस्थिती न बघणारी आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देणारी अमेरिकन कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि २०२५ मध्ये प्रवेश घेणाऱ्या बॅचपासून ब्राउन. मध्यमवर्गीय नागपुरी घरासाठी ‘ब्राउनच का?’ याचं निम्मं उत्तर या ओळीत असू शकतं. ते निबंधात लिहायचं नाही, कारण त्यांनी ते विचारलेलं नाही. पण स्वतःशी कबूल कर. एकदा कबूल केलं की ते ‘स्वप्न’ वगैरे शब्द घालून झाकायची गरज उरत नाही आणि उरलेलं निम्मं शोधायला डोकं मोकळं होतं.

ते उरलेलं निम्मं कसं शोधायचं? मी मुलांना कागद देत नाही, आजीकडे पाठवते. आजी नसेल तर मावशी, शेजारच्या काकू, कुणीही चालेल, फक्त त्या बाईला त्या कॉलेजच्या नावाचं शून्य कौतुक असलं पाहिजे. आपल्याकडची आजी काय विचारते? ‘काहून जाऊन राहिली वो तू एवढ्या दूर? इथं कालेजं नाहीत का?’ याला उत्तर दे, मराठीत, आणि फोनवर रेकॉर्ड कर. ‘जगप्रसिद्ध प्राध्यापक’ तिच्यापुढे चालत नाहीत. ती म्हणते, असतील, मंग? या ‘मंग?’ला तीनदा उत्तर दिलं की तिसऱ्या वेळी काहीतरी खरं बाहेर येतं. ते रेकॉर्डिंग ऐकून मग इंग्रजीत लिहायला बसायचं. हे माझं एकमेव तंत्र आहे आणि याची फी घ्यायला मला जरा लाजच वाटते.

एक उदाहरण सांगते. काटोलकडचा मुलगा, घरची संत्र्याची बाग, अर्ज कॉर्नेलच्या कृषी महाविद्यालयाला. (तिथं अर्ज करताना विद्यापीठातलं नेमकं कॉलेज निवडावं लागतं आणि ‘का’ हेही त्या कॉलेजपुरतंच विचारतात.) पहिला ड्राफ्ट वाचला, त्यात संत्रं कुठेच नव्हतं. ‘शाश्वत शेतीचं भविष्य’ होतं. मी विचारलं, सध्या बागेत काय चाललंय? म्हणाला, आंबिया बहारासाठी ताण दिलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संत्र्याला फुलं यावीत म्हणून डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडतात, झाड तहानेवर ठेवतात आणि मग पाणी देऊन ताण तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळं फिसकटतं. ताण पुरेसा झाला हे कसं कळतं, विचारलं. तर म्हणाला, ‘बाबा पानाकडं बघतात. म्हणतात, पान सांगते.’ मग जरा थांबला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, मला नाही दिसत. मी त्याच पानाकडं बघतो आणि मला काही सांगत नाही ते.’

निबंध तिथं झाला होता, त्याला फक्त ते कळलं नव्हतं. बाबांना जे पान दिसतं ते मोजता येईल का, हा त्याचा प्रश्न. पुढचं काम सोपं होतं: झाडातल्या पाण्याच्या ताणावर तिथं कोणता कोर्स आहे, त्याच्या आधी काय शिकावं लागतं, पदवीच्या मुलांना शेतावर काम करू देतात का. न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा या गावातलं कॉर्नेलचं कृषी संशोधन केंद्र त्याला सापडलं. तिथं फळांमध्ये मुख्य कारभार सफरचंद आणि द्राक्षांचा. तो निराश झाला, म्हणाला, संत्रं तर नाहीच. मी म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं की न्यूयॉर्क राज्यात संत्रं पिकत नाही हे मला माहीत आहे, मला सफरचंदाच्या पानावर शिकायचंय, म्हणजे बाबांच्या सवयी माझ्या मदतीला येणार नाहीत आणि मला खरंच मोजावं लागेल. या वाक्यात कॉर्नेलच्या जागी दुसरं नाव घालून बघ, मोडतं. ‘जगप्रसिद्ध प्राध्यापक’ कुठेही बसतं.

दुसरं उदाहरण खास नागपूरचं आहे आणि जरा नाजूकही. कोलंबियाला अर्ज करणारं आपल्याकडचं जवळजवळ प्रत्येक मूल दीक्षाभूमीपासून सुरुवात करतं. स्वाभाविकच आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब तिथं गेले, १९१६ पर्यंत शिकले, आणि १९५६ साली आपल्याच शहरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. एवढा धागा हातात असताना कोण सोडेल? पण मग वाक्य येतं, ‘ज्या कोअर करिक्युलमनं बाबासाहेबांना घडवलं, ते मलाही घडवेल.’ हे मी निदान तीन निबंधांत वाचलंय आणि तिन्हींत चूक आहे. कोअर म्हणजे कोलंबियात सगळ्यांना सक्तीचा असलेला समान अभ्यासक्रम. त्याची सुरुवात १९१९ ची, बाबासाहेब त्याआधीच कोलंबिया सोडून गेले होते. कोलंबियाच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हे पाठ असतं. त्यापेक्षा खरी हकिगत किती जिवंत आहे! मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जातींच्या उगमावर निबंध वाचला. आपल्या गावातला, अंगावर सोसलेला प्रश्न त्यांनी परक्या खोलीत टेबलावर ठेवला. ‘आमच्याकडेच का?’ विचारणाऱ्यांना दुसरं काय हवं असतं?

एका मुलीनं मात्र हा धागा वेगळा पकडला. तिचं घर दीक्षाभूमीजवळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरचे पाण्याचा स्टॉल लावायचे, शेजारी पुस्तकांचे स्टॉल. बसनं, रेल्वेनं, पायी आलेली माणसं खाण्यापेक्षा पुस्तकांवर जास्त खर्च करतात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिनं निबंधात एक बाई आणली. स्वतःला वाचता येत नसूनही त्या बाईनं दोन पुस्तकं घेतली होती, ‘गावात वाचून दाखवणारा आहे’ म्हणून. तिथून ती कोअरवर आली: पहिल्या वर्षाची सगळी मुलं तीच पुस्तकं वाचतात आणि वीस-बावीस जणांच्या वर्गात त्यावर भांडतात. एकत्र वाचणं म्हणजे काय हे मला माझ्या गल्लीत कळलंय, आता पुस्तकाशी आणि शेजारच्याशी असहमत होत एकत्र वाचायला शिकायचंय, असं काहीसं. दीडशे शब्दांत. बाबासाहेबांचं नाव एकदाच आलं. तिला कोलंबियानं घेतलं नाही, हेही सांगून टाकते. दुसऱ्या चांगल्या कॉलेजनं घेतलं. निबंध उत्तम असला की प्रवेश मिळतो असं मी कधीच म्हणणार नाही, आणि जो म्हणेल त्याला पैसे देऊ नकोस.

माझीही एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका हुशार मुलाचा निबंध मी इतका घासूनपुसून काढला की तो माझाच झाला. त्यात मी एका प्राध्यापकांचं आणि त्यांच्या संशोधनाचं नाव घालायला लावलं, वजन यावं म्हणून. पुढे माजी विद्यार्थ्याबरोबर मुलाखत झाली. त्या गृहस्थांनी सहज विचारलं, त्यांचं काय वाचलंस? मुलगा गप्प. घरी येऊन म्हणाला, ‘मॅडम, ते वाक्य तुमचं होतं ना.’ तेव्हापासून मी पेन हातात घेत नाही, फक्त ‘मंग?’ विचारते. तूही निबंध लिहून देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. प्राध्यापकांची नावं घालायचीच तर ज्यांचं निदान एक व्याख्यान नीट ऐकलंयस त्यांचंच घाल, आणि तिथल्या एखाद्या मताशी तुझं पटत नसेल तर उत्तमच.

माहिती कुठं शोधायची हेही विचारलं होतंस. प्रवेशाचं चकचकीत पान सगळ्यात शेवटी बघ. आधी कोर्स कॅटलॉग उघड, त्यातले चार कोर्स निवड आणि पहिल्या सत्राचं वेळापत्रक खरोखर मांडून बघ, सोमवार सकाळपासून. मग तिथल्या मुलांचं वर्तमानपत्र वाच. ब्राउनचं ‘ब्राउन डेली हेराल्ड’ आहे, येल, कॉर्नेल, कोलंबिया सगळ्यांची आहेत. त्यात मुलं कशावर कुरकुर करतात ते वाच. ती कुरकुर वाचूनही जावंसं वाटलं तर तुझं कारण खरं आहे. तुझ्या बाबतीत ओपन करिक्युलमचाच विचार कर. १९६९ पासून ब्राउननं सगळ्यांना सक्तीचे विषय काढून टाकले. ऐकायला छान, पण याचा अर्थ कुणी तुला फिजिक्स घे म्हणून सांगणार नाही आणि घेऊ नको म्हणूनही सांगणार नाही. कटऑफच्या यादीत वाढलेल्या मुलीला ही मोकळीक पहिल्या महिन्यात भीतीदायक वाटू शकते. ‘मला स्वातंत्र्य आवडतं’ हे प्रत्येक अर्जात असतं. तू त्या स्वातंत्र्याचं नेमकं काय करणार?

इथं तो तुझा कंस येतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं. माझ्या ओळखीच्या घरांतले फ्रिज तरंगत होते. तू तेव्हा दहावीत असशील. बाकीचे चिखल काढत होते आणि तू खडू घेऊन प्रत्येक भिंतीवर पाणी कुठवर आलं ते आखत होतीस. का? कुणी सांगितलं होतं? शेजारच्या दोन घरांत रेषा वेगळ्या उंचीवर होत्या का? असल्या तर कशामुळे, उतार, नाल्याची भिंत, कुणीतरी वाढवलेलं कंपाउंड? याची उत्तरं मला माहीत नाहीत, पण तुझ्याकडे असतील, आणि तुझ्या चारही ड्राफ्टमध्ये ती नसणार.

आता ब्राउन ज्या शहरात आहे ते प्रॉव्हिडन्स बघ. तिथंही १९३८ च्या चक्रीवादळात शहराचा मध्य पाण्याखाली गेला, १९५४ मध्ये पुन्हा. मग प्रॉव्हिडन्स नदीवर मोठे दरवाजे बांधले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. शहरातल्या नद्यांवर एके काळी रस्ते आणि पूल टाकून त्या झाकल्या होत्या, पुढे त्या पुन्हा उघड्या केल्या. आपल्या नाग नदीचं काय केलंय ते तुला सांगायला नको. आणि ब्राउनच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘मार्केट हाउस’ नावाची जुनी विटांची इमारत आहे. तिच्या भिंतीवर १८१५ आणि १९३८ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणाऱ्या पाट्या लावलेल्या आहेत.

तुझ्या खडूच्या रेषा आहेत त्या.

हे वाचून लगेच पाचवा ड्राफ्ट लिहायला बसू नकोस आणि पाट्यांची माहिती जशीच्या तशी चिकटवू नकोस, ती माझी आहे. आधी ठरव, तुझा प्रश्न पाण्याचा आहे, भिंतींचा आहे की माणसांचा. पाणी कसं वाहिलं हे शोधायचं असेल तर तुझे चार कोर्स भूशास्त्र आणि इंजिनीअरिंगकडे जातील. कंपाउंड कुणी वाढवू दिलं हे शोधायचं असेल तर शहर आणि राजकारणाकडे. दोन्ही हवं असेल तर सक्तीचे विषय नसलेलं कॉलेजच का लागतं, हे तुला आपोआप लिहिता येईल, अडीचशे शब्द पुरणार नाहीत इतकं. आणि दोन्हीपैकी काहीच नको असेल, रेषा नुसत्याच गंमत म्हणून मारल्या असतील, तर तेही स्वतःला सांग आणि दुसरं काही शोध. पुराची गोष्ट करुण असते म्हणून ती वापरायची नाही.

अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल घेण्याची, १ नोव्हेंबर गाठायची घाई करू नकोस. तो अर्ज बंधनकारक असतो, निवड झाली तर तिथंच जावं लागतं, आणि घरी पैशाचं बोलणं झाल्याशिवाय तसल्या अर्जावर सही करायची नसते. जानेवारीच्या सुरुवातीची नियमित मुदत आहेच.

या रविवारी पट्टी घेऊन गल्लीत जा. जिथं रेषा अजून दिसतात तिथं जमिनीपासूनची उंची वहीत लिही, घर नंबरासकट. जिथं दिवाळीचा रंग लागलाय तिथं दार वाजव आणि आतल्या माणसांना विचार, पाणी कुठवर होतं. ते हात करून दाखवतील. तेवढ्या उंचीवर मोज, आणि मग आजीला जाऊन सांग की हे सगळं कशासाठी चाललंय.